नाम आणि क्रियापद

गुरुवारी संध्याकाळी, ग्रिम्सबीत, चर्चमागच्या खोलीत
मिसेस ऑक्सली फळ्यावर एकच शब्द लिहितात.
मार्कर वाळलेला. शेवटचं अक्षर
दोनदा गिरवावं लागतं.

अर्ज, त्या म्हणतात.
र त्यांच्या तोंडून जवळजवळ ऐकूच येत नाही.
नाम म्हणून : आतून उठणारी ओढ.
क्रियापद म्हणून : दुसऱ्याला पुढे ढकलणं, हात न लावता.
वाक्यं करा. दहा मिनिटं.

रूता मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली.
लिंबानं धुतलेला हात वहीपासून जमेल तितका लांब धरून
ती लिहिते : ‘शिफ्ट संपताना मला अर्ज येते,
एखादा मासा पाण्यात परत सोडावा.’
पण तो तर कापलेला असतो, शीरको म्हणतो.
म्हणूनच तर, रूता म्हणते.

त्सेगे : ‘आईनं मला अर्ज केलं, मागे बघू नकोस.
मी बघितलं.’
दुसऱ्या वाक्यात तो शब्द नाही.
कोणी काही बोलत नाही.

थुईचं पान कोरं. मग अगदी शेवटी, बारीक अक्षरात :
‘मला सध्या कुठलीच अर्ज नाही.’
हेही व्याकरणात बसतं.

माझ्या कानात मात्र भलताच शब्द.
माझा बाप हेरातच्या कचेरीबाहेर अर्ज लिहायचा.
तुतीखाली मोडकी छत्री, पत्र्याची पेटी,
शाईनं निळा पडलेला अंगठा.
लोक यायचे. गाय, मेहुणा, विहिरीचा दोर,
चौदा वर्षांपूर्वी कुणी दिलेली शिवी,
सगळं सांगायचे. तो ऐकून घ्यायचा
आणि विचारायचा : ते झालं. हवंय काय? एका ओळीत.

इथे माणसं गप्प व्हायची.
एक म्हातारी तर उठूनच गेली.
दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, लिही :
कुणीतरी मला बस म्हणावं.
त्या अर्जाचे पैसे बापानं घेतले नाहीत.
घेतलेही असतील. मी तेव्हा तुती वेचत होतो.

मी वहीत लिहितो : ‘दोन वर्षांपूर्वी मी अर्ज दिला,
अजून उत्तर नाही.’
मिसेस ऑक्सली मान हलवतात. ती द्यायची नसते, फरीदून.
ती असते. नाहीतर नसते.

मग मी खिशातला लिफाफा काढतो, खिडकीचा, सकाळी आलेला.
आपण स्वखुशीनं परत जाण्याचा विचार करावा,
असं आम्ही आपल्याला, आणि पुढे
तोच शब्द.
त्या चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात.
हे क्रियापद, त्या म्हणतात.

आणि मला हसू येतं. आवरत नाही.
शीरको पाठीवर थापट्या मारतो, ठसका लागला समजून.
अरे, सरकारनं मला अर्ज केलाय!
मलाच! हवंय काय, तेही एका ओळीत.
बापाला आवडला असता. समास सोडलेला, खाडाखोड नाही.
फक्त खाली सही नाही कुणाची,
आणि बिनसहीचा अर्ज तो घ्यायचा नाही.

रात्री खोलीवर, हीटरला आठ आण्याइतकीच ऊब असताना,
मी उत्तर लिहितो :
‘महोदय, आपला अर्ज पोचला.
विचाराधीन आहे.
निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.
तोवर कृपया चौकशी करू नये.’

पुढच्या गुरुवारी मिसेस ऑक्सली ते दोनदा वाचतात,
एक स्वल्पविराम हलवतात,
पर्समध्ये बराच वेळ चाचपून
एक टपाल तिकीट काढतात.
सेकंड क्लासचं आहे, म्हणतात.
घाई नाही ना?